घरगुती म्हणून घेता, तर मजुरीही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या पुरवणीत तयार फराळाच्या भावाची बातमी येते. चकली काय भावाने, करंजी काय भावाने, तेल आणि डाळी चढल्यामुळे यंदा फराळ किती महागला, वगैरे. मी ती बातमी दरवर्षी शेवटपर्यंत वाचते आणि दरवर्षी त्यात एक गोष्ट सापडत नाही. तो फराळ करणाऱ्या बाईच्या हाताचे किती धरले? तेलाचा डबा असतो, बेसन असतं, साखर, तूप, गॅस सगळं असतं. मजुरी नसते. त्याबद्दल हे पत्र लिहिते आहे. जरा लांबलं तर सांभाळून घ्यावं, कारण हा विषय एका दिवाळीचा नाही, वर्षभराचा आहे.

मी साताऱ्यात राहते. संक्रांतीला हलव्याचे दागिने, उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड, गौरी-गणपतीला कापसाची वस्त्रं आणि दिवाळीला फराळ, असं ऑर्डरीचं काम करते. हे सगळं सासूबाईंकडून शिकले. त्या विकत नव्हत्या, घरचं आणि नात्यातलं करायच्या. मी विकायला लागले ती गरजेपोटी, आणि मुलीची कॉलेजची फी बऱ्याच अंशी त्यातूनच भरली. तेव्हा हे काम मी हौस म्हणून करत नाही, हे आधीच सांगते. हौस आहेच, पण हौसेने फी भरली जात नाही.

हलव्यापासून सांगते, कारण त्याच्यामागचं काम लोकांना सर्वांत कमी माहीत आहे. परातीत तीळ, खसखस, साबुदाणा किंवा मगज घ्यायचं, ज्या जाडीचा हलवा हवा त्याप्रमाणे. खाली मंद निखारा. एकतारी पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि दाणे बोटांनी सारखे फिरवत राहायचे. पाक दाण्यावर सुकला की मगच पुढचा. चमचाभर जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. हात थांबला तर साखर एकाच अंगाला बसते. परात तापलेली असते, बोटांची टोकं लाल होतात, तरी उलथनं घेऊन भागत नाही. काटा बोटांनीच येतो. पहिल्या दिवशी तिळावर नुसतं पांढरं झाक आल्यासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाक, तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं चार-सहा दिवस केल्यावर दाण्याभोवती टोकदार काटे उभे राहतात. त्याला थंडी लागते, आणि तीही कोरडी. म्हणून आम्ही पहाटे शेगडी पेटवून बसतो. पौषात आभाळ आलं, हवा दमट झाली की काटा धरत नाही, दाणा गुळगुळीत राहतो, आणि त्या दिवशीचं काम बाजूला ठेवावं लागतं. हवा आपल्या हातात नसते, तारीख मात्र ठरलेली असते.

हलवा झाला म्हणजे दागिना झाला असंही नाही. पुठ्ठ्याचे आकार कापायचे, त्यावर सोनेरी कागद, मग दोऱ्यात ओवलेला, चिकटवलेला हलवा. नव्या सुनेला काळ्या साडीवर मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, बिंदी, नथ. जावयाला हार, घड्याळ आणि हातात नारळ. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. या सगळ्यांत नथ सर्वांत लहान आणि सर्वांत वेळखाऊ. तिच्यासाठी अगदी बारीक आणि एकसारखे काटे असलेले दाणे लागतात, आणि ताटभर हलवा निवडला तर असे मूठभर निघतात. दिवसा उजेडात बसून निवडावे लागतात, दिव्याखाली फसगत होते.

असा सेट हातात घेऊन गिऱ्हाईक म्हणतं, "काकू, साखर आणि पुठ्ठाच तर आहे. एका दिवसाचं काम, मग काय, मुंग्याच खाणार." मी त्यांच्यावर रागावत नाही. पण त्याच बोरन्हाणाला फोटोवाला येतो, त्याला कोणी म्हणत नाही की तुझा कॅमेरा तर घरचाच आहे. लग्नात सोनाराकडे सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी देतो आपण. शिंप्याला कापड आपलं आणि शिलाई त्याची. गिरणीत दळणाचे पैसे टाकतो. मजुरी वेगळी धरायची ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. फक्त बाई घरात बसून करते त्या कामापाशी आलो की ती रीत थांबते.

याचं कारण मला असं वाटतं की घरात केलेल्या कामाला वेळ लागत नाही असा समज आहे. दुपारी रिकामीच असते ना, मग करते थोडं थोडं. सुनेला, मुलीला जसं गृहीत धरलं, तसंच शेजारच्या काकूंनाही. आणि दुसरा समज असा की पूर्वी हे सगळं फुकट होत होतं, आता आम्ही पैसे मागून त्याचा धंदा केला. हा दुसरा समज मला खोडून काढायचा आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही वाड्यात राहत होतो. उन्हाळ्यात कुरडया व्हायच्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा, वरचं आंबूस पाणी ओतून द्यायचं. पहाटे मोठ्या पातेल्यात तो चीक शिजवायचा. शिजवताना एकीने घोटत राहायचं, एकीने पातेलं धरायचं, कारण चीक जसजसा आवळत येतो तसा तो उलथनं धरून ठेवतो आणि दंड भरून येतात. चकाकी आली की शिजला. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर धुतलेल्या धोतरावर घालायच्या, ऊन चढायच्या आत. मुलांना वाटीत गरम चीक, त्यावर दूध-साखर. हे काम एकटीचं नाहीच. आज आमच्या कुरडया, उद्या समोरच्या बिऱ्हाडाच्या, परवा वरच्या माळ्यावरच्यांच्या. सगळ्या बायका सगळीकडे.

पैसे कोणीच देत नव्हतं, हे खरं. पण फुकट कोणी करत नव्हतं. शेतात जशी सावड असते, तशीच ही सावड होती. तू माझ्याकडे आलीस, मी तुझ्याकडे येणार. वहीत लिहिलेलं नसलं तरी हिशेब चोख होता. जी बाई दुसरीकडे गेली नाही, तिच्या कुरडयांना कोणी उठून आलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिळगुळाच्या वड्यांना, पापड लाटायला, गौरींच्या फराळाला, सगळ्याला हाच नियम. हाताची परतफेड हाताने होत होती.

आता वाडा पाडून फ्लॅट झाले. माझ्याकडून कुरडया नेणारी बाई बँकेत आहे, शाळेत आहे, पुण्याला रोज ये-जा करते. तिला वेळ नाही, यात तिचा काही दोष नाही. तिने माझ्या गच्चीवर येऊन सोऱ्या दाबावा असं मी कशाला म्हणेन? पण हात देता येत नसेल तर हाताचं मोल द्यायला हवं. सावड मोडली तिथे मजुरी यायला हवी होती. ती आली नाही. सामानाचे पैसे आले आणि वर थोडेफार, "तुमच्या मेहनतीचे" म्हणून, जणू बक्षीस.

मजुरी वेगळी धरून हे काम करता येतं, याचं उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, तोच आजचा लिज्जत. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथली पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. बाई पीठ घरी घेऊन जाते, पापड लाटून आणून देते, आणि जितके किलो लाटले तितकी तिची मजुरी ठरते. उडीद कुणाचा, पापडखार कुणाचा, हा हिशेब वेगळा. लाटण्याचा वेगळा. शिवाय प्रत्येक भगिनी संस्थेची मालक. आमच्यासारख्या सुट्या बायकांना एवढी मोठी संस्था उभी करता येणार नाही, पण हिशेबाची ही रीत तर घेता येईल.

वाकळ शिवून घेणाऱ्यांना ही रीत आपसूक कळते, हे मी पाहिलं आहे. जुनी लुगडी, जुन्या साड्या आपण नेऊन देतो. सामान आपलं असतं, त्यामुळे देतो ती मजुरी हे उघड असतं. ती कमी वाटली तर धावदोऱ्याच्या ओळी किती दाट हव्यात यावर बोलणं होतं, "त्यात काय आहे" असं कोणी म्हणत नाही. फराळाचं तसं नाही. सामान आमचं, म्हणून गिऱ्हाईक सामानच मोजतं.

अनारशाचं घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी कपड्यावर सावलीत पसरून ओलसर असतानाच कुटायचे, बारीक चाळायचे. पार वाळले की पीठ बिघडलं. त्यात गूळ किंवा पिठीसाखर, थोडं तूप, मळून गोळे करून डब्यात मुरत ठेवायचे. आठ दिवसांनी खसखशीवर थापायचा आणि खसखस वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, तेव्हा जाळी पडते. आच थोडी इकडेतिकडे झाली की अनारसा तुपात विरघळतो, आणि गूळ कमी-जास्त असला तरीही विरघळतो. कढईपाशी एका वेळी एकच, फार तर दोन. तिथून हलता येत नाही, फोनसुद्धा घेता येत नाही. असे किलोभर अनारसे करायला जो वेळ जातो, त्यात किलोभर शंकरपाळे तळून, निवून, डब्यात भरून होतात. तरी विचारणा होते, "शंकरपाळ्यांपेक्षा इतके महाग का? तांदूळच ना?"

परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्यांची ऑर्डर नवरात्रातच येते. डब्यात चकल्या उभ्या लावायच्या, मध्ये कागद, करंज्या वेगळ्या, फुटून भुगा व्हायला नको. अमेरिकेला पार्सल जाताना कुरिअरवाला वजनावर पैसे घेतो आणि पुष्कळदा ते आतल्या फराळापेक्षा जास्त होतात. ते पैसे कोणी कमी करायला सांगत नाही. मला त्या आई-वडिलांची माया कळते, माझी भाची तिकडेच आहे. म्हणून तर वाटतं की जो फराळ पोचवायला इतकं देता, तो करणाऱ्या हातालाही द्या.

हे फक्त खाण्याच्या पदार्थांचं नाही. आमच्याकडे बेंदराला कुंभारांकडून मातीचे बैल आणतात, संक्रांतीला सुगडं, दिवाळीला पणत्या. बुरुडांकडून गौरींच्या वेळी सुपं. पणत्यांच्या डझनामागे घासाघीस करणाऱ्या माणसाने एकदा चाकापाशी उभं राहून बघावं, माती कालवण्यापासून भट्टी निवेपर्यंत किती दिवस जातात ते. पावसाळा लांबला की कच्च्या पणत्या वाळत नाहीत आणि भट्टी लावता येत नाही. त्यांचं दुःख आमच्याहून मोठं आहे, कारण त्यांचं सगळं घर त्यावर आहे. माझ्यापेक्षा नीट ते त्यांनीच लिहावं.

कापसाच्या वस्त्रांचं थोडक्यात सांगते. बोटाला भस्म लावून कापूस ओढायचा, मणी वळायचा, पुन्हा ओढायचा, मधे कुंकू. श्रावणापासून बसावं लागतं. हे काम वयस्कर बायका करतात, ज्यांना दुसरं झेपत नाही, आणि म्हणून त्यांना सर्वांत कमी मिळतं. माझ्या ओळखीच्या एका आजींची नजर अधू झाली आहे, केवळ बोटांच्या अंदाजाने त्या माळा वळतात, आणि मणी सारखे येतात. दुकानात त्यांच्या माळेचा भाव तयार यंत्रावरच्या माळेच्या बरोबरीने लावतात. मला हे बघवत नाही.

दुसऱ्या बाजूचंही लिहिते. सगळ्यांनाच जास्त पैसे देणं परवडत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी दुकानातला फराळ न्यावा, त्यात कमीपणा नाही. दुकानाचा माल यंत्रावर होतो, एका घाण्यात मणभर निघतो, त्याचा भाव कमी असणारच, आणि चांगलं दुकान असेल तर मालही चांगला असतो. माझं म्हणणं एवढंच की दुकानाचा भाव दाखवून घरच्या कामाचा भाव पाडू नये. दोन्ही कामं वेगळी आहेत.

आणि आमच्यातही गडबड आहे. घाऊक बाजारातून पोत्याने आणलेला चिवडा छोट्या पिशव्यांत भरून वर "घरगुती" चिकटवणारे वाढले आहेत. त्यात पुरुष आहेत तशा बायकाही आहेत. तो माल स्वस्त पडतो आणि आमचा महाग दिसतो. गिऱ्हाइकाने विचारावं, कुठे करता, कधी केलं, भाजणीत काय काय घातलंय. जिने स्वतः भाजणी भाजली आहे ती सांगेल. आमच्याकडे चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी मूगडाळ, धणे-जिरे वेगळे भाजून. अन्न सुरक्षेच्या नोंदणीबद्दलही विचारावं, लहान घरगुती व्यवसायालाही ती करावी लागते. मी केली आहे. नियम पाळायचे आणि मजुरी मागायची नाही, हे बरोबर नाही. तसंच मजुरी मागायची आणि नियम टाळायचे हेही नाही.

प्रदर्शनांबद्दल एक विनंती. ग्रामीण बचत गटांसाठी उमेद अभियान आहे, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, ते चांगलंच आहे. शहरातल्या पेठांमधून एकट्या काम करणाऱ्या बायकांना मात्र सणाआधी बसायला जागा नसते. खाजगी प्रदर्शनातल्या एका टेबलाचं भाडं इतकं असतं की ते भरून निघण्यापुरता माल आम्ही हातांनी करूच शकत नाही. म्हणून तिथे पुन्हा घाऊक माल विकणारेच दिसतात. नगरपालिकेच्या शाळा रविवारी बंद असतात. संक्रांत, पाडवा, गौरी-गणपती आणि दिवाळी, या चार सणांच्या आधीच्या रविवारी एखाद्या शाळेचं पटांगण नाममात्र भाड्याने मिळालं तर पुष्कळ होईल. अट एकच असावी, स्वतः केलेलंच विकायचं.

गिऱ्हाइकांना सांगायचं ते वेळेबद्दल. हलव्याची ऑर्डर मार्गशीर्षात द्यावी, बोरन्हाणाच्या आदल्या आठवड्यात नाही. कुरडयांची होळीच्या सुमारास. अनारशांची दसऱ्याला, कारण पीठ मुरायला दिवस लागतात. सणाच्या तोंडावर आलेल्या ऑर्डरी नाकारल्या की लोक रागावतात, आणि घेतल्या की आमच्या रात्री जातात.

शेवटी आमच्या बायकांना. आपणच मजुरी धरत नाही. शेजारीण म्हणून, नात्यातली म्हणून, "राहू दे गं" म्हणून सोडून देतो. गेल्या दिवाळीपासून मी पावतीवर दोन ओळी लिहायला लागले आहे: एक सामान, दुसरी मजुरी. मजुरीचा दर माझ्या मनाने ठरवला नाही. आमच्या पेठेत स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला तासाला जे मिळतं, तेच धरलं. अनारशांची मजुरी जास्त, शंकरपाळ्यांची कमी, हे पावतीवरच दिसतं. काही गिऱ्हाइकं गेली. बरीच राहिली, आणि राहिलेल्यांनी भाव कमी करायला सांगणं थांबवलं. एका बाईंनी पावती वाचून विचारलं, "इतके तास लागतात?" आणि सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन अनारसे बघायला आल्या.

यंदाच्या पुरवणीत भाव छापाल तेव्हा मजुरीचा रकाना वेगळा छापावा, एवढीच आपल्याला विनंती. माझ्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. उपयोगी वाटली तर छापावी, नाव आणि पत्ता तेवढा झाकावा.

कळावे,
आपली एक वाचक,
सातारा